‘व्हेरिफाय झालं, आता निर्धास्त’? नाही!

लग्नाचे, मुंजीचे व्हिडिओ डीव्हीडीवर जपणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: ‘नावाजलेल्या ब्रँडची कोरी डीव्हीडी घ्या, सगळ्यात कमी स्पीडला राइट करा, व्हेरिफाय झालं (लिहिलेला डेटा मूळ फाइलशी ताडून जुळला) की काम झालं. रायटर कुठलाही चालतो.’ चारही गोष्टी अर्धवट आहेत.

आधी ब्रँड. डब्यावर नाव विकणाऱ्याचं असतं, डिस्क बनवणारा निराळा असू शकतो. खरी ओळख मीडिया कोडमध्ये, म्हणजे डिस्कवर कारखान्यातच नोंदलेल्या, ड्राइव्हला वाचता येणाऱ्या खुणेत: ‘एमसीसी 004’ म्हणजे मित्सुबिशी केमिकल, ‘टीवायजी 03’ म्हणजे तायो युदेन.

‘रायटर कुठलाही’ हे तर साफ चूक. रायटर तो कोड वाचतो आणि लेझरचे पल्स किती लांब, किती ताकदीचे ठेवायचे हे आपल्या फर्मवेअरमधल्या (आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) यादीवरून ठरवतो. कोड यादीत नसला तर सरसकट एकाच पद्धतीने लिहून मोकळा होतो.

कमी स्पीडचंही तसंच. 16एक्सच्या (16 पट वेगापर्यंत लिहिता येणाऱ्या) डिस्कमधला रंगद्रव्याचा थर जास्त वेगासाठी बनवलेला असतो. पुष्कळदा 4एक्सपेक्षा 8एक्सचं रेकॉर्डिंगच स्वच्छ निघतं.

व्हेरिफायवरचा भरवसा मात्र सगळ्यात घातक. डेटा जुळला एवढंच ते सांगतं. तो जुळवताना एरर करेक्शनची, म्हणजे वाचनातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेची, किती दमछाक झाली, ते सांगत नाही. ती मोजायची पीआय एररवरून, म्हणजे वाचताना सापडलेल्या चुकांवरून: लागोपाठच्या 8 ईसीसी ब्लॉकमध्ये (दुरुस्तीसाठी पाडलेल्या डेटाच्या तुकड्यांमध्ये) त्या 280 च्या आत हव्यात. मी लॅपटॉपच्या रायटरवर 4एक्सला केलेली एक डीव्हीडी व्हेरिफायमध्ये पास झाली, पण आत्याच्या प्लेअरवर ऐन पाठवणीला अडकली. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून पाठवणी बाहेरच्या कडेला. निरो डिस्कस्पीड या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये स्कॅन केलं, तर या चुकांचा आलेख आतल्या बाजूला सपाट आणि कडेला 400 च्या वर चढलेला. कोऱ्या डिस्कच्या त्याच डब्यातली दुसरी डिस्क डेस्कटॉपच्या रायटरवर, 4एक्सलाच, केली. आकडा शेवटपर्यंत 30 च्या आत राहिला.

हा आकडाही स्कॅन करणाऱ्या ड्राइव्हचा असतो, डिस्कचा एकटीचा नव्हे. सगळे ड्राइव्ह तो देतही नाहीत. म्हणून तुलना करायची ती एकाच ड्राइव्हवर, एकाच स्पीडला. मग तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून ट्रान्सफर रेटचा (वाचनाच्या वेगाचा) आलेख काढा. रेषा मध्येच खाली कोसळली, तर हार्ड डिस्कवरची मूळ फाइल अजून पुसू नका.