आमच्याकडे ‘छान आहे’ म्हणायला बंदी आहे

मागच्या महिन्यात एका कॉलेजात प्रोजेक्ट बघायला बोलावलं होतं. कॉलेज मराठवाड्यातलंच. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कॉलेजात गेलो असतो तरी हेच दिसलं असतं. बावीस टेबलं मांडलेली, त्यातल्या चार टेबलांवर स्मार्ट डस्टबिन. हात पुढे केला की झाकण उघडतं, थोड्या वेळानं मिटतं. चारही डब्यांचा कोड एकच, कॉमेंटमधली स्पेलिंगची चूकसुद्धा एकच. एका ग्रुपला विचारलं, “पहिल्या रिव्ह्यूनंतर यात काय बदललं?” पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, “काहीच नाही सर. पहिल्याच रिव्ह्यूला ओके झालं होतं.”

हे तो अभिमानानं सांगत होता. त्याची चूक नाही. आपल्याकडे रिव्ह्यू म्हणजे सही. सही मिळाली की स्पायरल बाइंडिंग.

गेली काही वर्षं मी संभाजीनगरात दर शनिवारी संध्याकाळी आठदहा पोरापोरींना घेऊन बसतो. डिप्लोमाची आहेत, इंजिनिअरिंगची आहेत, एक चित्रकलेचा विद्यार्थी आहे, एक बीएस्सीची मुलगी. फी नाही, सर्टिफिकेट नाही, चहा आपापला. सेन्सर, कोड, आवाज, उजेड घेऊन काहीतरी करायचं. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा नाही. अनेकांना हा पोरखेळ वाटतो. त्यांना मी एवढंच सांगतो की तुम्ही ज्या आर्डुइनोवर, म्हणजे कोड टाकून सेन्सर-मोटर चालवायच्या छोट्या बोर्डवर, रेषेवरून चालणारा लाइन फॉलोअर रोबो करता, तो बोर्ड २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावात डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निघाला. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्यांनाही वस्तूत जीव ओतता यावा म्हणून.

आता एका प्रोजेक्टची गोष्ट सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. यात माझी फजिती आहे, तीही सांगतो.

गंगाखेड तालुक्यातली एक मुलगी. तिच्या घरी जुनं जातं कोपऱ्यात पडलेलं. तिच्या मनात होतं की जातं फिरवलं की आजीच्या ओव्या ऐकू याव्यात. कल्पना ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन आठवड्यांनी ती पहिला नमुना घेऊन आली. जात्याजवळ इन्फ्रारेड सेन्सर बसवला होता. हात जवळ गेला की ओवी सुरू. म्हणजे बघा, डस्टबिनच! फक्त झाकणाच्या जागी गाणं.

सगळे “छान, छान” म्हणाले. अपवाद एका डिप्लोमावाल्याचा. तो गेवराईकडचा, कमी बोलणारा. त्यानं विचारलं, “हात आल्याबरोबर गाणं वाजायलंय, मग दळायचं कशाला?”

खोलीत शांतता. मुलीचा चेहरा पडला. पण पुढच्या शनिवारी ती वरच्या दगडाच्या कडेला सहा चुंबकं चिकटवून, बाजूला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळून गेलं की ओळखणारा सेन्सर, लावून आली. आता दगड फिरला तरच पल्स मिळत होता. सहाच का? एकच चुंबक ठेवलं होतं तेव्हा जातं थांबलंय की हळू फिरतंय हे कळायला अख्ख्या फेऱ्याएवढा वेळ थांबावं लागायचं. सहामुळे दर साठ अंशाला खबर मिळते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्या एका प्रश्नातून ती इथवर आली.

त्या दिवसापासून बैठकीत ‘छान आहे’ म्हणायला बंदी आहे. म्हणणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

पण नुसती बंदी घालून भागत नाही. अमेरिकेतल्या लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० मध्ये अर्धवट कामावर बोलायची चार पायऱ्यांची एक पद्धत तयार केली. आधी बघणाऱ्यांनी काय मनात राहिलं ते सांगायचं. मग करणाऱ्यानं स्वतःचे प्रश्न विचारायचे. तिसऱ्या पायरीला बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपलेलं नको. आणि मत द्यायचंच असेल तर शेवटी, “माझं एक मत आहे, ऐकायचंय का” असं विचारून. आम्ही ती करून बघितली. पहिल्या दोन पायऱ्या जमल्या. तिसरीत गाडी अडली.

कारण आपली भाषा. “हे असं का केलंस?” हा मराठीत प्रश्न नाहीच, ती उलटतपासणी आहे. लहानपणापासून ‘का’ ऐकला की आपण आधी मान खाली घालतो. “काय विचार करून केलंस?” तर त्याहून वाईट, त्यात चापट ऐकू येते. मग आम्ही आमचा नियम केला: ‘का’ नाही. ‘कसं’, ‘केव्हा’, ‘कोण’ चालेल. “हे कोण फिरवणार?” “ओवी केव्हा थांबते?” असं विचारलं की पोरं मोकळी होतात. एवढ्यानं किती फरक पडतो ते करून बघा. घरीसुद्धा.

आता माझी फजिती.

जातं फिरायला लागल्यावर मी उत्साहात म्हणालो की फिरवण्याच्या वेगाप्रमाणे गाण्याचा वेग बदलला पाहिजे, म्हणजे खरं इंटरॅक्टिव्ह वाटेल. मुलगी मान हलवून गेली. तिच्याकडचा छोटा एमपी-थ्री मॉड्यूल वेग बदलत नाही, तो फक्त फाइल वाजवतो. म्हणून तिनं सगळं लॅपटॉपवर नेलं. तीन आठवडे घासली. शेवटी जातं जोरात फिरवलं की आजीचा आवाज कार्टूनमधल्या उंदरासारखा चिरका व्हायचा. वेग वाढवला की सूरही चढणारच. तो चढू न देता वेग बदलायची तंत्रं आहेत, पण तेवढा अभ्यास तिचा नव्हता आणि मी तिला आधी सांगितलंही नव्हतं.

सगळ्यांना ते वाईट वाटत होतं. कुणी बोललं नाही. शेवटी मीच म्हणालो, “हे बरं वाटत नाही, नाही का?” तेव्हा ती म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासूनच बरं वाटत नव्हतं सर. तुम्ही म्हणलाव म्हणून केलं.”

तीन आठवडे! एका पोरीचे तीन आठवडे मी एका वाक्यात खाल्ले. आणि मला ते सूचना वाटत होतं.

इथंच माझं म्हणणं आहे. मेंटॉरशिपवर बोलणारे लोक नेहमी म्हणतात की मुलांना मार्गदर्शन मिळत नाही. आपल्या भागात उलटाही धोका आहे. मार्गदर्शन मिळतं आणि ते आज्ञा म्हणून पाळलं जातं. मुंबई-पुण्याच्या पोरानं मेंटॉरला “नाही पटत” म्हटलं असतं की नाही मला माहीत नाही, पण आमच्याकडे सर म्हणाले म्हणजे झालं. ते संस्कार आहेत, त्यांची मला किंमत आहे, पण काम त्यात मरतं. म्हणून आता मी शेवटी बोलतो. आधी प्रत्येकजण चिठ्ठीवर लिहितो, नाव न घालता. चिठ्ठ्या वाचून झाल्या की मी. बऱ्याचदा माझं बोलायचं काही उरतच नाही, आणि तो शनिवार चांगला गेला असं मी समजतो.

शिवाय मला जे माहीत नाही ते पोरांना माहीत असतं. एकानं जमिनीच्या ओलाव्यावर चालणारा दिवा केला होता, माती सुकत गेली की उजेड लाल होत जाणारा. मी त्याला सांगितलं, दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर वापरू नकोस, त्यातून वीज वाहते आणि दांड्या गंजतात, कपॅसिटिव्ह घे, त्यातला धातू मातीला टेकत नाही. बरोबरच होतं. पण एक शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, “काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात हात जातो. तुझा सेन्सर भेगेत हवेला टेकून बसंल, त्याला काय कळणार?” मी शहरात वाढलेला माणूस. डेटाशीट मला पाठ होती, माती नव्हती.

लातूरच्या एकानं २०१६ च्या पाणीटंचाईवर काम केलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो तेव्हा लहान होता, घागर घेऊन रांगेत उभा राहिल्याचं त्याला आठवतं. त्यानं पत्र्याचे दहा डबे ओळीत लावले, त्यांवर पंपानं थेंब पडायचे, प्रत्येक डब्याचा आवाज वेगळा. ऐकायला फार सुंदर. चिठ्ठीत एकानं लिहिलं, “पाणी नव्हतं हे सांगायला तू दर वेळी वीस लिटर सांडतोस.” तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग पंप काढून टाकला. आता डब्यांवर छोटे सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की पुढे सरकणाऱ्या दांड्या, टकटक करतात. थेंबाचा आवाज आहे, थेंब नाही. असलं काही मला सात जन्मात सुचलं नसतं.

परत जात्याकडे येतो.

मधे रेकॉर्डिंगवरून वाद झाला. आजीचा आवाज फोनवर घेतलेला, मागे कोंबड्या आणि मोटारसायकल. कुणीतरी सुचवलं, गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्या आहेत ना, लाखाच्या वर, त्यातल्या कित्येक ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, आपल्या माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्यासुद्धा त्यात आहेत, आवाज स्वच्छ आहे, त्या मागून घे. चित्रकलेचा पोरगा म्हणाला, “मग हे जातं कोणाच्या घरचं?” मुलीनं कोंबड्या ठेवल्या.

दिवाळीत ती सगळा पसारा गावी घेऊन गेली. आजीला जात्यापाशी बसवलं. आजीनं फिरवलं, आपलाच आवाज ऐकला, हसली. मग दोन गोष्टी सांगितल्या. एक, “भावाचं नाव आलेली ओवी कालिजात वाजवू नको, ती माझी हाय.” ती ओवी मेमरी कार्डावरून गेली. आणि दुसरी: “एकटीलाच दळायचं असतं तर मी गायला कशाला लागले असते? समोरची बाई ओळ उचलती, तवा मला पुढची सुचती.”

आम्ही दहा जण, तीन महिने, एक जातं. खुंट्याला दोन हात लागतात, समोरासमोर बसलेल्या दोघींचे, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि पोरगी गंगाखेडची! जनाबाईच्या गावची. विठोबा तिच्याबरोबर दळायला बसायचा ही गोष्ट आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ती दोघांनी दळायची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

मग खुंट्यावर तांब्याच्या पट्टीचे दोन वेढे आले, एक वर, एक खाली. ईएसपी-३२ या आर्डुइनोसारख्याच छोट्या बोर्डला स्पर्श ओळखणाऱ्या पिन असतातच, हात लागला की आकडा खाली येतो. एकच हात असेल तर आजीची पहिली ओळ येते आणि तिथंच घुटमळते, परत परत तीच. समोरून दुसऱ्या माणसानं खुंटा धरला तरच दुसरी ओळ. पीठ लागलेल्या हातानं आकडा पुरेसा पडेना, म्हणून पोरांनी खोलीत ज्वारीचं पीठ आणून हातांना फासून चाचणी घेतली. बघण्यासारखं दृश्य होतं. एकानं विचारलं, “एकट्यानंच दोन्ही हात लावले तर?” चर्चा झाली आणि ठरलं, फसवायचं त्यानं फसवावं. एकटीनं दळणारी बाईसुद्धा दोन्ही हात लावते.

हे सगळं रिपोर्टमध्ये कसं लिहायचं हा तिचा खरा प्रश्न आहे, कारण कॉलेजच्या फॉर्मॅटमध्ये ‘गाइडचं नाव’ असा एकच रकाना आहे. तिनं आजीचं नाव घातलं तर चालेल का, असं विचारत होती. मी म्हटलं घाल, फार तर खोडतील.

आणि ते अजून संपलेलं नाही. गेल्या रविवारी तिनं आजीला व्हिडिओ पाठवला. आजीचा निरोप आला: “हात काढला की ती बाई मधीच गप व्हती, गळा धरल्यावानी.” आता मुलगी हात सुटल्यावर एमपी-थ्री मॉड्यूलचा आवाज तीसवरून, म्हणजे पूर्ण आवाजावरून, शून्यावर एकेक पायरी उतरवत बसली आहे. दोन सेकंदांत उतरवला, आजी म्हणाली लई घाई. चार केले, तरी घाई. काल रात्री अकराला मला मेसेज, “सर, सहा करून पाठवलंय, आजी झोपली असंल, सकाळी कळंल.”