एक तृतीयांश टक्कल

आमच्या चिरंजीवांची एकच अट आहे: झोपतो, पण तू चालत राहा.

पाळणा त्यांना मान्य नाही. मांडीवर ते फक्त आमची परीक्षा घेतात. कॅरियरमध्ये घालून छातीशी बांधलं आणि रस्त्याला लागलं, की चारशे पावलांत डुलकी आणि आठशे पावलांत गाढ झोप. मी थांबलो, की डोळे टक्क उघडे. सिग्नलला थांबलो तरी. त्यामुळे सिग्नल लाल असला की मी कडेला जागच्या जागी कवायत करतो आणि गाड्यांमधले लोक माझ्याकडे कुतूहलाने बघतात.

नवजात बाळं दिवसाला 14 ते 17 तास झोपतात, असं आम्ही वाचलं होतं. वाचून आनंदही झाला होता. ते खोटं नाही, हिशेब केला तर तेवढे तास भरतात. फक्त ते सगळे सुट्ट्या पैशांत मिळतात.

रोज दोन-तीन तास पायपीट करायचीच आहे, तर तिचं काहीतरी करावं असं मनात आलं. फोन खिशात होताच. ठरवलं, आपल्या भागातल्या गल्ल्यांचे फोटो काढायचे. जुनी दारं, खिडक्यांचे गज, भिंतीवरची मांजरं. इतकी वर्षं गाडीवरून भुर्रकन गेलो त्या वाटा आता नीट बघायच्या. बायकोला सांगितलं. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "काढ ना. फक्त थांबू नकोस."

यातली मेख माझ्या लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी. फोटो काढणाऱ्याला थांबावं लागतं आणि बापाला थांबता येत नाही. सकाळी ऊन असतं तोवर निभतं. उजेड कमी झाला, की कॅमेऱ्याला चित्र टिपायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण एक पाऊल पुढे गेलेले असतो. फोटोग्राफर मंडळी ज्या संध्याकाळच्या सोनेरी उजेडासाठी जीव टाकतात, नेमका तोच आमच्याकडे रडण्याचा मुहूर्त. त्यामुळे माझ्याकडे सोनेरी उजेडातले पन्नासेक फोटो आहेत आणि ते सगळे पावसात भिजलेल्या जलरंगासारखे दिसतात. एका मित्राने त्यांना 'प्रयोगशील' म्हटलं. तो स्वतः अजून बाप झालेला नाही.

एक हात बाळाच्या पाठीवर, दुसऱ्यात फोन. स्क्रीनवरच्या बटणापर्यंत अंगठा पोचत नाही, म्हणून आवाज कमी-जास्त करायचं बटण दाबून फोटो काढायचा. पहिल्या दिवशी शटरचा 'खट्क' आवाज बंद करायला विसरलो. त्या एका खट्कची किंमत पुढचे दोन तास मोजली. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या फोनवर हा आवाज सहसा बंदच करता येत नाही म्हणतात. तिथल्या बापांना माझा साष्टांग नमस्कार.

आणि लाळ! टचस्क्रीनला बोटातून जाणवणारा विजेचा सूक्ष्म फरक हवा असतो आणि ओलावा तिला हमखास चकवतो. बाळाची लाळ पडली, की फोनला वाटतं एकाच वेळी पाच जण बोटं लावतायत. एकदा चिरंजीवांनी लाळेच्या एका थेंबात फ्लॅश चालू केला, भिंग बदललं आणि माझ्या वरिष्ठांना व्हिडिओ कॉल लावला. मला वर्षभर हाताळूनही तो फोन इतका उमगलेला नाही.

चौकटीचे तीन भाग करायचे आणि मुख्य विषय तिसऱ्या भागाच्या रेषेवर ठेवायचा, असा फोटोग्राफीतला एक नियम आहे. माझ्याकडून तो आपोआप पाळला जातो. प्रत्येक फोटोचा खालचा एक तृतीयांश भाग चिरंजीवांच्या टकलाने व्यापलेला असतो. कमानीचा दरवाजा आणि टक्कल. जिना आणि टक्कल. एकदा पॅनोरमा काढला, तर तुकडे जोडताना फोनने त्या टकलाची डोंगररांग केली. आता हे टक्कल दिसतंय कोणाला? मला. बाळाने अजून मान धरलेली नाही, म्हणून त्याचं तोंड माझ्याकडे. या वयात त्यांना वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच काय ते स्पष्ट दिसतं. म्हणजे मी अख्खा परिसर बघतोय आणि तो रोज माझी हनुवटी. दाढी न करता निघालो, की आजूबाजूचा निसर्ग बदलला असं त्याला वाटत असावं.

थांबता येत नाही म्हणून मी एकाच गल्लीत फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत त्याच त्या गोष्टीचा एक फोटो घेतो, म्हणजे एक तरी नीट येईल. तिथे एक निळं दार आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेत, त्यांच्याखाली जुना हिरवा दिसतो आणि कडीच्या भोवती हातांनी घासून घासून लाकूड उघडं पडलंय. चौथ्या फेरीला ते दार उघडलं आणि एक काका बाहेर आले.

"काय हवंय?" त्यांनी विचारलं. मी तोवर पुढे गेलो होतो.

पाचव्या फेरीला मी म्हणालो, "काही नाही काका, दार छान आहे."

सहाव्या फेरीला ते म्हणाले, "मग सारखे फेऱ्या का मारताय?"

सातव्या फेरीला मी कुजबुजलो, "थांबलो तर उठेल." आणि कॅरियरकडे बोट दाखवलं.

आठव्या फेरीला काका वाटच बघत होते. चेहरा पार बदललेला. "टोपी घाला त्याला," म्हणाले. नवव्या फेरीला काकूही बाहेर आल्या होत्या आणि टोपीची गरज नाही, उकडतंय, यावर त्या दोघांचं वाजलं होतं. दहाव्या फेरीला मी गल्ली बदलली. नऊ फोटोंपैकी एका फोटोत दार आलंय, पण त्याच्यासमोर काका हातवारे करतायत. तो फोटो मला फार आवडतो.

महिन्याभरात चारशेच्या वर फोटो झाले. आई रोज कळकळीने फोटो मागते, म्हणून तिला पाठवू लागलो. दार पाठवलं. उत्तर आलं, "बाळ कुठंय?" खिडकी पाठवली. "बाळ कुठंय?" खाली दिसतंय ते टक्कल त्याचंच, असं कळवलं, तर तिने दिवसभर उत्तरच दिलं नाही. फिलिप कान नावाच्या गृहस्थांनी 1997 च्या जूनमध्ये, बायको प्रसूतीच्या खोलीत असताना, कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या लेकीचा फोटो दोनेक हजार लोकांना पाठवला. मोबाइलवरून फोटो पाठवण्याची सुरुवात अशी एका बापाने केली. पण त्यांनी लेकीचा चेहरा पाठवला होता. मी गज पाठवत होतो.

पॅरिसमधल्या एका रस्त्याचा, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या डागेरने 1838 मध्ये काढलेला फोटो आहे. रस्ता वाहता होता, पण छाप उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे चालणारी माणसं आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एक जण एका जागी उभा होता, तेवढा दिसतो. रात्री दोन वाजता दिव्याखाली फेऱ्या मारताना मला त्या बुटवाल्याचा भयंकर हेवा वाटतो.

परवा अशाच एका रात्री बायकोने खिडकीतून आमचा फोटो काढला. नाइट मोडवर, तीन सेकंदांचा. "किती गोड दिसताय दोघं, हलू नका हं," असं ती वरून म्हणाली म्हणे, पण मी तोवर कोपऱ्यावर वळलो होतो. फोटो उत्तम आलाय. दिवा स्वच्छ, फाटकाची जाळी स्वच्छ, झोपलेल्या कुत्र्याची मिशीसुद्धा मोजता येईल. मधोमध मात्र धुरासारखा एक करडा फराटा आहे.

तिने तो हौसेने आईला पाठवला, "बाप-लेक" असं लिहून.

आईचं उत्तर पहाटे आलं. "बाळ कुठंय?"