घाटात न्यूट्रल: पेट्रोलही वाचत नाही

"चोर्ला घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाका. पेट्रोल वाचतं, इंजिनाला आराम मिळतो, आणि ब्रेक आहेतच की!" हा मजकूर गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो. बेळगावहून गोव्यातल्या केरीकडे उतरणाऱ्यांनी तो पुढे पाठवण्याआधी एकेक दावा तपासावा.

पेट्रोल वाचतं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्शन नसलेल्या जुन्या गाड्यांच्या काळात यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) साधारण 1500च्या वर असला, की इंधन फवारणारे इंजेक्टर बंद होतात. मग चाकंच इंजिन फिरवतात, इंधन शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच: 1200 सीसीच्या गाडीला तासाला अर्धा ते पाऊण लिटर. 20 मिनिटांच्या उतारात पेलाभर फुकट जळतं. हलक्या उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते, तिथे न्यूट्रलने थोडं वाचेलही. पण तो घाट नव्हे.

इंजिनाला आराम. क्लच पूर्ण सोडलेला असेल तर 3000 आरपीएमला इंजिनाची काहीच झीज वेगळी होत नाही. झिजतो तो क्लच, तोही अर्धा दाबून ठेवणाऱ्यांचा.

ब्रेक आहेतच. खरा घात इथे होतो. 1200 किलोची गाडी 600 मीटर खाली आली, की 20-22 लिटर पाणी उकळेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी हवेच्या विरोधात जाते. गिअर नसेल तर बाकी सगळी ब्रेकच्या पॅड आणि डिस्कमध्ये. आधी जळका वास येतो, मग पॅडची पकड कमी होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या दमट हवेत ती भरपूर. नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान 230 अंशांना उकळतं, ओल धरलेलं 155च्या आसपास. उकळलं की पाइपात वाफ, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदला. वास आलाच तर रुंद जागी थांबा, चाकापुढे, उताराच्या बाजूला चिरा लावा, गिअरमध्ये ठेवा, डिस्कवर पाणी ओतू नका.

चावीच बंद करणारे महाभाग वेगळेच. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत संपते, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं.

"गरज पडली की गिअर टाकता येतो," असंही काहीजण म्हणतात. ताशी 60ला सेकंड पडेपर्यंत दोन सेकंद गेले, तर गाडी 33 मीटर पुढे. वळण तेवढं थांबत नाही.

मग करायचं काय? चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना, बहुधा सेकंड. वळणाआधी ब्रेक ठामपणे दाबून वेग 40वरून 30वर आणा, मग ब्रेक सोडा. पाय सतत टेकवून ठेवू नका. पावसात लाल माती रस्त्यावर आलेली असते, तिथे खालचा गिअर सरळ रस्त्यावरच टाका आणि क्लच हळू सोडा. झटक्याने सोडला तर चाकं घसरतात. ऑटोमॅटिक असेल तर एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड.

भाड्याच्या गिअरलेस स्कूटरवाल्यांना हा मार्गच नाही. वेग फार उतरला की तिचा क्लच आपोआप सुटतो, मग सगळा भार ब्रेकवर. दोन्ही ब्रेक एकत्र आणि थांबून-थांबून दाबायचे.