बातमी ओळखण्याची बिनकष्टाची पद्धत

बातमी कुठली आणि कुणाचं मत कुठलं, हे तपासण्यात काही लोक उगाच वेळ घालवतात. तुम्हाला कामं आहेत. तेव्हा सरळ हिशोब ठेवा: जे वाचून ‘मी म्हणत नव्हतो?’ असं तोंडातून निघतं, ती निर्भीड पत्रकारिता. जे वाचून कपाळाला आठी पडते, ते विकल्या गेलेल्या माणसाचं खरडणं. ही कसोटी आजवर कुणाच्या बाबतीत चुकलेली नाही, कारण ती लावणारा आणि निकाल देणारा एकच असतो.

एवढ्यानं भागलं नाही तर थाटमाट पाहा. मागे पृथ्वीचा गोल फिरतोय, खाली लाल पट्टी पळतेय आणि कोट घातलेले गृहस्थ किंचाळताहेत, म्हणजे बातमीच. तासभरात ते घटनास्थळी गेलेल्या एकाही माणसाशी बोलत नाहीत, नुसते चार पाहुणे एकमेकांवर सोडतात, हे मनावर घेऊ नका. उलट ब्लॉग दिसला की नाक मुरडा. एलियट हिगिन्स नावाचा एक इंग्रज २०१२ पासून घरी बसून सीरियातल्या युद्धाचे व्हिडिओ पाहायचा, त्यातली शस्त्रं ओळखायचा आणि कशावरून ओळखली हे व्हिडिओसकट ब्लॉगवर मांडायचा. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्याच्या नोंदींचा धागा धरून पुढचा शोध घेतला. घेऊ देत. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं, विषय संपला.

बातमी नावाची वस्तू मुळात किती नीरस असते, ते एकदा जवळून बघाच. समजा, ‘पूल कोसळला, दोन जखमी’ एवढंच लिहायचंय. त्यासाठी बातमीदार इस्पितळाला फोन लावतो, मग पोलिसांना. आकडा जुळत नाही म्हणून पुन्हा इस्पितळाला. ठेकेदार फोन उचलत नाही; ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे खरेपणानं लिहिता यावं म्हणून त्याला आणखी दोनदा. एवढं करून लिहिलेली बातमी तपासणाऱ्यांच्या डेस्कवर जाते आणि उपसंपादक मान वर न करता विचारतो, “पूल कोसळला की कठडा? तू पाहिलास? दोन कोण म्हणालं?” पुन्हा फोन. अखेर ‘पूल’ खोडून ‘कठडा’ होतो आणि पहिल्या पानावरची बातमी आत जाऊन चार ओळींत बसते.

तोवर दुसरीकडे ‘पूल नव्हे, व्यवस्था कोसळली!’ हा लेख गावभर फिरून आलेला असतो. त्यात पूल अख्खा पडलेला असतो. शिवाय पूल कुणी पाडला, का पाडला, आणि तुम्ही अजून गप्प कसे, हेही असतं. संताप आयता मिळत असताना कठड्याची चौकशी कोण करतं?

मत मांडणं वाईट नाही म्हणा. चांगला अग्रलेख हवाच, आणि त्यावर ‘अग्रलेख’ असं छापलेलंही असतं. पण पाटी वाचणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. न्यूयॉर्क टाइम्सनं १९७० पासून बाहेरच्यांच्या मतांसाठी ‘ऑप-एड’ नावाची वेगळी जागा ठेवली होती. तो शब्द वाचकांना नीट उमगेना, म्हणून २०२१ मध्ये त्यांना पाटी बदलून ‘पाहुण्यांचा निबंध’ अशा अर्थाची करावी लागली. पन्नास वर्षं दाद न देणाऱ्या त्या वाचकांचा आदर्श ठेवा. मँचेस्टर गार्डियनचे संपादक सी. पी. स्कॉट यांनी १९२१ मध्ये लिहिलं होतं की मत मोकळं आहे, पण वस्तुस्थिती पवित्र. आपण त्यात किरकोळ सुधारणा केली आहे: वस्तुस्थिती मोकळी, मत पवित्र.

‘सूत्रांनी सांगितले’ या शब्दांवर डोळे मिटून विश्वास ठेवा. जुन्या शिस्तीत सूत्राचं नाव छापत नसत, पण ते बातमीदाराला आणि निदान एखाद्या संपादकाला ठाऊक असे. हल्ली काही ठिकाणी आपण सूत्र आहोत हे खुद्द सूत्रालाही ठाऊक नसतं. गोपनीयता म्हणतात ती ही.

आणि चूक कबूल करणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. जेसन ब्लेअर या बातमीदारानं न गेलेल्या ठिकाणांहून बातम्या दिल्या, दुसऱ्यांचा मजकूर उचलला. हे उघडकीला आल्यावर त्याच न्यूयॉर्क टाइम्सनं ११ मे २००३ रोजी पहिल्या पानापासून सात हजारांहून जास्त शब्दांत स्वतःचे वाभाडे काढले. अशा पेपरवर कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा ज्यानं आजवर दुरुस्तीची एकही ओळ छापली नाही, ज्याचा पत्ता नाही, संपादकाचं नाव नाही, तक्रार करायला जागा नाही, तो बघा किती स्वच्छ. अब्रुनुकसानीची नोटीस पाठवायची तरी कुणाला?

तुम्ही पुढे पाठवलेल्या मजकुराखाली एखादा शंकेखोर ‘हे कुणी पाहिलं?’ असं विचारील. ‘सगळीकडे आलंय’ म्हणा. तो हटला नाही तर त्याला ‘तुम्ही कुणाच्या बाजूचे?’ विचारा. नव्वद टक्के माणसं इथे गप्प होतात. हा आकडा मी आत्ताच बसल्या जागी काढला, पण तुम्ही बेलाशक ‘एका अभ्यासानुसार’ म्हणून वापरा.