सब्स्ट्रेट तिरका, म्हणून स्फटिकही तिरके?

सोलापुरात थिन फिल्मवर, म्हणजे बाष्पातून चढवलेल्या अतिपातळ थरांवर, प्रकल्प करणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांत एक वाक्य हातोहात फिरते आहे : ‘सब्स्ट्रेट जितका तिरका ठेवाल तितकेच स्फटिक तिरके वाढतात, कोन वाढवा, हवा तो पोत मिळवा.’ सब्स्ट्रेट म्हणजे ज्या पृष्ठावर थर चढवतात तो तळ. पोत म्हटले की सोलापूरकराला चादर आठवते. इथे मात्र थरातल्या असंख्य स्फटिककणांचे अक्ष कोणत्या दिशेने जुळले आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

‘तितकेच’ हा शब्द साध्या गणितातच गळून पडतो. सब्स्ट्रेट ७० अंश तिरका ठेवला, म्हणजे बाष्प त्याच्या लंबाशी ७० अंशांनी येत असेल, तर न्यूवेनहाउझेन आणि हानस्ट्रा या संशोधकांच्या १९६६ सालच्या नियमाने थरातले स्तंभ, म्हणजे थर ज्यांचा बनतो ते सूक्ष्म खांब, सुमारे ५४ अंशच झुकतात. ८५ अंशांना हा नियम ८० सांगतो, तर टेट आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा नियम ५८.

पण खरी गल्लत पुढेच आहे, कारण हे कोन स्तंभांचे आहेत, स्फटिकांचे नव्हेत. उतरत्या उन्हात ज्वारीच्या उंच ताटाची सावली बुटक्या ताटावर पडते. तसेच तिरक्या येणाऱ्या अणूंना आधी वर आलेले उंचवटे अडवतात, मागची जागा उपाशी राहते आणि स्तंभ झुकतात. त्यासाठी स्फटिक असावाच लागतो असे नाही : सिलिकॉन डायऑक्साइडचे झुकलेले स्तंभ सूक्ष्मदर्शकात सुरेख दिसतात, पण ते अस्फटिकी असतात. छेदाचे असे छायाचित्र प्रबंधात लावून ‘पोत मिळाला’ असे लिहिणे म्हणजे ताटे वाकलेली पाहून दाण्याची जात सांगणे होय. अक्षांची दिशा एक्स-रे पोल फिगरसारखे मापन, म्हणजे क्ष-किरणांनी काढलेला दिशांचा नकाशा, सांगते.

उलट उदाहरणही आहे. रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या अतिवाहक फितींसाठी मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर देताना आयनांचा झोत लंबाशी ४५ अंशांनी सोडतात. सुमारे १० नॅनोमीटर जाडीतच स्फटिक पृष्ठाच्या प्रतलात एका दिशेने जुळतात, तरी त्यांचा एक मुख्य अक्ष सरळ उभाच असतो. झोत तिरका, अक्ष ताठ.

विधानात तथ्य आहे ते एवढेच की तिरक्या माऱ्यामुळे प्रतलातली एक दिशा वेगळी ठरते, जी सरळ माऱ्यात ठरत नाही. मात्र सब्स्ट्रेट पुरेसा तापवला, की पृष्ठावर सरकणारे अणू सावलीतल्या जागाही भरून काढतात. आणि फिरणाऱ्या त्या वाक्यात तापमानाचा उल्लेखच नाही.