दोनखेळ्या

माझ्या बो जॅक्सनच्या डाव्या खांद्यावर चुन्याचा ठिपका आहे. तिळाएवढा. बायको म्हणते, दिसतसुद्धा नाही. तिला दिसणार नाहीच, कारण त्या कार्डापायी गेलेले २,८०० रुपये तिच्या खात्यातून गेलेले नाहीत. गेलेत हे तिला अजून ठाऊकही नाही, तेव्हा हा विषय घरात हळू आवाजात चालतो.

आग लावली भाच्याने. तो पुण्यात आयटीत आहे, आणि पुण्यात राहून बेळगावच्या माणसाला अक्कल शिकवणं हे तिथल्या नोकरीतच धरलेलं असावं. "मामा, एफडी म्हणजे पैसे झोपवणं. कार्डं घ्या." कसली कार्डं? खेळाडूंची. १९५२ सालचं मिकी मँटल नावाच्या बेसबॉलवाल्याचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं म्हणे. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब लिहितो. आमच्याकडे एवढ्या पैशात ओतकाम, ओतणारे आणि मालक असे सगळे मिळून येतील. ही किंमत एका पुठ्ठ्याची.

मँटल आपल्याला झेपणार नाही, म्हणून भाच्याने मधली वाट काढली. दोन-दोन खेळ खेळलेल्यांची कार्डं घ्यायची. एकाच माणसामागे दोन खेळांचे शौकीन लागतात, भाव दोन्हीकडून चढतो. बो जॅक्सन उन्हाळ्यात बेसबॉल खेळायचा आणि तो हंगाम संपला की अमेरिकन फुटबॉल. १९८९ च्या बेसबॉल ऑल-स्टार सामन्यात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढे फुटबॉलवाल्यांनीही त्याला आपल्या निवडक संघात घेतलं. स्कोअर कंपनीचं १९९० चं ६९७ नंबरचं कार्ड आहे, काळंपांढरं. त्यात हा उघड्या अंगाने उभा, खांद्यावर फुटबॉलची चिलखतं, आणि बॅट मानेमागून आडवी, कावड घेतल्यासारखी. फोटो बघितला आणि मी हरलो. त्या काळात अमेरिकेत कार्डं लग्नपत्रिकांसारखी छापली जात होती आणि त्यामुळे ती आज रद्दीत निघतात, हे भाच्याने पैसे भरून झाल्यावर सांगितलं. भाव येतो तो फक्त कार्ड तपासणाऱ्या कंपनीकडून दहापैकी दहा गुण मिळालेल्याला.

म्हणजे कार्ड जेमतेम सहाशेचं. बाकी सगळं ते इथवर आणण्याचं. वाटेत ते हिंडलंही बरंच, कारण पत्त्यात एकदा बेळगाव होतं आणि एकदा बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदावर आम्ही बेळगावी आहोत, तोंडात बेळगाव आहोत, आणि अमेरिकेतल्या विक्रेत्याच्या यादीत पिनकोड आहोत. पाकिटावर शेवटी दोन चिठ्ठ्या होत्या, एकीवर एक नाव.

घ्यायला गेलो ती कुरिअरची जागा म्हणजे गल्लीतला एक गाळा. आत पंखा, पंख्याखाली पोरगा, पोराच्या हातात मोबाईल. बाकड्यावर एक काका बसले होते. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर उघडी चंची, शेजारी कुंद्याचा डबा. डबा लेकीकडे पुण्याला जायचा होता. तो अर्ध्या तासापूर्वीच वजन करून झाला होता. तरी काका उठत नव्हते, कारण पंखा चांगला होता.

पोराने कस्टमचे पैसे मागितले, वर ‘हाताळणी’चे २५० मागितले. मी भरले. सही करण्याआधी माल बघून घ्यावा म्हणून पाकीट तिथेच फाडलं. चूक झाली ती इथे.

"काय ओ, पासपोर्ट आला काय?"

"नाही काका. कार्ड आहे."

"रेशनचं?"

"खेळाडूचं. बो जॅक्सन."

"बोजा?" काकांचा अडकित्ता थांबला. "उताऱ्यावर चढतो तो?"

"बोजा नाही. बो. जॅक्सन."

"तेच की. किती चढलाय?"

इथे मी हसून पाकीट खिशात घालायला हवं होतं. पण २,८०० रुपये घातलेल्या माणसाला कुणीतरी दोन चांगले शब्द बोलावेत असं वाटतं. मी बाकड्याच्या टोकाला टेकलो आणि समजावून सांगायला लागलो. हा माणूस दोन खेळ खेळायचा, दोन्ही देशातले सगळ्यात मोठे, दोन्हीत अव्वल.

"दोन्हीत?" काकांनी मान हलवली. "मग एकात कच्चा असणार. आमच्या गल्लीत एक होता. सकाळी तालमीत, रात्री भजनात. कुस्तीत ताल धरायचा आणि भजनात त्याला दम लागायचा."

"हा तसा नाही काका."

"बरं, मनानं कुठला?"

"म्हणजे?"

"दोन घरचा पाहुणा उपाशी नव्हं? कुठलं तरी एक घर त्याचं असणारच की. बेसबॉल का ते दुसरं?"

मला उत्तर आलं नाही. हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला तो फॉर्मवर विचारतात, लग्न जमवताना विचारतात, पुण्यात घर भाड्याने घेताना विचारतात. कोल्हापूरला गेलो की आम्ही कर्नाटकातले, बेंगळुरूला गेलो की महाराष्ट्राकडचे. काकांनी तो बो जॅक्सनला विचारला, एवढंच. तरी मी सावरून म्हणालो की १९९१ साली फुटबॉल खेळताना त्याच्या खुब्याला मार लागला, फुटबॉल कायमचा सुटला, मग कृत्रिम सांधा बसवून १९९३ मध्ये तो पुन्हा बेसबॉलला उतरला आणि परतल्यावर पहिल्याच वेळी होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारली.

काकांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. वाटीवरून खाली उभा व्रण होता. "हा बदलून पाच वर्षं झाली. रोज किल्ल्यापर्यंत चालत जातो. माझं कुणी काढलं काय कार्ड?"

पोरगा फिस्सकन हसला. मोबाईल बघून हसला असेल असं मी तेव्हा धरून चाललो.

मग मी मोठं नाव काढलं. मायकल जॉर्डन! बास्केटबॉलचा देव, तोसुद्धा १९९४ मध्ये एक हंगाम बेसबॉल खेळला. त्याचीही तसली कार्डं निघाली, लोक आवडीने घेतात. काकांनी विचारलं, कसा खेळला? मी खरं बोललो. सरासरी .२०२. म्हणजे काय? म्हणजे शंभरात वीस वेळा जमलं.

"वीस?" काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागले. "पस्तीसला पास आहे. म्हणजे नापासाचं कार्ड काढलं त्यांनी, आणि तुम्ही ते पैसे देऊन घेता?"

"मी जॉर्डनचं नाही घेतलं."

"तेवढी तरी बुद्धी झाली." सुपारी तोंडात गेली. मग त्यांचा आवाज बदलला. "आमच्या बंडू पाटलांचं आहे काय?"

बंडू पाटील बेळगावचे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी संघात होते. त्यांचं कार्ड माझ्याकडे नव्हतं. कुठे मिळतं हेही माहीत नव्हतं.

"फडेप्पा चौगुले? १९२० साली बेळगावचा माणूस अँटवर्पला मॅरेथॉन पळाला, एकोणिसावा आला. त्यांचं?"

नव्हतं.

"मग हा तुझा बोजा आमचा कोण लागून गेला?"

‘तुम्ही’चा ‘तू’ झाला होता. काका बरोबर बोलत होते आणि त्यामुळेच मला जास्त राग येत होता. चुकीचं बोलणाऱ्या म्हाताऱ्याला नमस्कार करून निघता येतं, बरोबर बोलणारा असला की बसून ऐकून घ्यावं लागतं. मी एम. जे. गोपालनांची गोष्ट काढली. १९३६ साली त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, हॉकी संघाबरोबर बर्लिन ऑलिम्पिक किंवा क्रिकेट संघाबरोबर इंग्लंड. त्यांनी क्रिकेट निवडलं. इंग्लंडमध्ये एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, आणि तिकडे हॉकीवाले सोनं घेऊन आले. दोन खेळांचं असं असतं काका, म्हणून त्याची किंमत—

"म्हणजे दोन्हीकडनं गेला," काका म्हणाले. "मी तेच सांगालोय नव्हं मघापासनं."

लहानपणी आमच्याकडेही कार्डं होती. कुस्तीवाल्यांची, छाती किती, दंड किती, वजन किती असली. शाळेच्या पायरीवर डाव मांडायचो. जास्त छातीवाला कमी छातीवाल्याला घेऊन जायचा. कोपरे गोल झालेले असायचे, एकावर चिंचेचा डाग, एक पत्ता तर पाठीमागच्या सुरकुतीवरून ओळखू यायचा आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं. पुढे आईने तो सगळा गठ्ठा भंगारवाल्याला दिला आणि बदल्यात प्लास्टिकची गाळणी घेतली. गाळणी अजून आहे. तेव्हा कुणी कोपरे जपले नाहीत. आता परदेशात कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही हे तपासून गुण देणाऱ्या कंपन्या आहेत, त्या कार्ड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून देतात, आणि माझ्यासारखा माणूस त्यांचे दर रात्री दीड वाजता वाचत बसतो.

तर काकांनी हात पुढे केला. "आण बघू. उजेडात बघतो."

मी दिलं. का दिलं, ते आज आठ दिवस स्वतःला विचारतोय. आमच्याकडे वडीलधाऱ्याने मागितलं की द्यायचं असतं. त्याने लग्नपत्रिका मागितली तरी, डॉक्टरची चिठ्ठी मागितली तरी. तो ती मोठ्याने वाचतो, शेजारच्याला दाखवतो, आणि साखर किती आली ते गल्लीभर होतं. आपली म्हणून काही वस्तू असते, तिला दुसऱ्याने हात लावायचा नसतो, हे या गावात सांगायला गेलं तर माणूस आजारी आहे असं समजतात.

काकांनी बाहेरचं कडक प्लास्टिक काढलं, आतली पातळ पिशवी काढली, आणि रिक्षावाला लायसन काढतो तसा बो जॅक्सन दोन बोटांत धरला. त्यातलं एक बोट नुकतंच चुन्याच्या डबीतून आलं होतं.

"काका, चुना!"

"पाहिजे?" त्यांनी डबी पुढे केली.

"कार्डाला लागला!"

"ह्यॅ, एवढंच व्हय." आणि त्यांनी धोतराचा सोगा जिभेला लावला.

मी ओरडलो. चाळीस ओलांडलेला, चष्मा लावणारा, जीएसटीची विवरणं भरणारा माणूस भर दुपारी एका पुठ्ठ्यासाठी ओरडला. तेव्हा पोराने पहिल्यांदा मान वर केली. "एनात री?" म्हणजे, काय झालं हो?

काकांनी त्याला सगळं कन्नडमध्ये सांगितलं. काय फर्मास सांगितलं! मराठीत मला शहाणपण शिकवून झालंच होतं, आता कन्नडमध्ये माझा निकाल लागत होता. मला सगळं कळत होतं, हेच वाईट. जॅक्सनचा बोजा तिथेही झाला, जॉर्डन तिथेही नापास झाला, गुडघाही उघडला गेला. आणि शेवटी चुन्याला ‘सुण्ण’ म्हणून त्यांनी बोट नाचवून दाखवलं, तेव्हा पोरगा टेबलावर डोकं ठेवून हसला. माझ्याच तोंडावर मला दोन भाषांत हसलं गेलं. हाताळणीचे २५० भरले मी, हाताळलं काकांनी, मजा पोराने घेतली.

निघताना मी पोराला म्हणालो, त्या २५० ची पावती दे. तो म्हणाला, सिस्टीममध्ये येत नाही. काका म्हणाले, "जाऊ दे की रे, चुना फुकट दिलाय." खरं सांगतो, मी हसलो नाही. लोकांना सांगताना मी हे हसत सांगतो, पण तिथे हसलो नाही, आणि २५० रुपयांचा हिशेब अजून माझ्या वहीत उघडाच आहे.

ठिपका निघत नाही. ओल्या कापसाने पुसावं तर वरची चकाकी जाईल, नाही पुसावं तर चुना धरून बसेल. भाच्याने फोटो मागितला. मी काढताना डावा अंगठा खांद्यावर ठेवला. त्याचा निरोप आला, "मामा, अंगठा काढून परत पाठवा." चार दिवस झाले, नेट बंद आहे म्हणून सांगितलंय.

काल गणपत गल्लीत बायकोबरोबर कोथिंबीर घेत होतो. गर्दीतून, रस्त्याच्या पलीकडून, खणखणीत आवाज आला, "ओ दोनखेळ्या! वाढला काय भाव?"

भाजीवालीने मान वर केली. बायकोने माझ्याकडे बघितलं. "कसला भाव ओ?"

"कोथिंबिरीचा," मी म्हणालो, आणि दोन पेंड्या जास्त घेतल्या.