टीसीएलच्या आगीवर वाळू टाकायला सांगणारा मेसेज चुकीचा आहे

'टीसीएल पावडर किंवा १३:००:४५ ला आग लागली तर पाणी टाकू नका, वाळू टाकून हवा तोडा' असा मेसेज संत्रा बागायतदारांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो उलटा आहे. विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असो की ड्रिपमधून सोडायचं १३:००:४५ हे खत, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ही रसायनं तापली की स्वतःच ऑक्सिजन सोडतात. बाहेरची हवा तोडून काय उपयोग? इथे लागतं पाणी, तेही भरपूर आणि लांबून. टीसीएलवर तांब्याभर शिंपडलं तर ती उलट तापते आणि क्लोरीन सुटतो. म्हणून वारा धूर ज्या बाजूला नेतो, त्या बाजूला उभं राहू नका. ढीग मोठा असेल तर नसतं धाडस नको. माणसं हलवा, १०१ किंवा ११२ लावा.

पावडर नुसती सांडली असेल तर कुटार किंवा लाकडाचा भुसा टाकून गोळा करू नका. आपल्याकडे हात आधी तिकडेच जातो, पण तेच पेट घेतं. कोरड्या, स्वच्छ प्लास्टिकच्या सुपलीने वेगळ्या बादलीत भरा. परत पोत्यात नको. डिझेलचा डबा शेजारी असेल तर तो आधी हलवा.

पाणी न टाकण्याचा नियम खराच आहे, पण मॅग्नेशियमसारख्या धातूंच्या आगीसाठी.